हातपाय चालतायत तोवरच हे ठरवा

ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जावं की नाही, हा प्रश्न नाशिकच्या घरांमध्ये बहुतेकदा नको त्या वेळी निघतो. आई बाथरूममध्ये घसरते, खुब्याचं ऑपरेशन होतं, परदेशातला मुलगा तीन आठवड्यांची रजा काढून धावत येतो. मग हॉस्पिटलची बिलं आणि फिजिओथेरपीच्या वेळा सांभाळता सांभाळता आईबाबांनी पुढची पंधरा-वीस वर्षं कुठे काढायची हे ठरवलं जातं. ज्यांना तिथे राहायचं आहे ते खाटेवर असतात आणि जे ठरवतात त्यांचं परतीचं तिकीट काढलेलं असतं. हेतू कुणाचाच वाईट नसतो, पण असा घाईचा निर्णय क्वचितच मानवतो. म्हणून हा लेख साठी-पासष्टीच्या पुढच्या, अजून आपली भाजी आपण आणणाऱ्या वाचकांसाठी आहे. चार ठिकाणी स्वतः जाऊन बघण्याची, नको ते नको म्हणण्याची ताकद अंगात आहे, तेव्हाच हा विचार करायचा असतो.

नाशिकमध्ये असे वाचक खूप आहेत. ओझरचा एचएएलचा कारखाना, नाशिकरोडच्या दोन्ही प्रेस, सातपूर-अंबडच्या कंपन्या, बँका, शाळा-कॉलेजं यांत उभी हयात काढून निवृत्त झालेली ही पिढी. सिडकोत, इंदिरानगरात, महात्मानगरात, कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्यांत त्यांनी हौसेने घरं घेतली. तीन मजली इमारतीला लिफ्ट कशाला, असं तेव्हा बिल्डरलाही वाटे आणि घेणाऱ्यालाही. आता तोच जिना दिवसातून एकदाच उतरायचा, म्हणून दूध, औषधं, बँक अशी सगळी कामं एका फेरीत बसवावी लागतात. मुलं हिंजवडीत, बंगळुरात किंवा अमेरिकेत. चार खोल्यांत माणसं दोन, आणि कधी कधी एकच.

एकाच नावाखाली तीन व्यवस्था

माहितीपत्रकावर ‘सिनिअर लिव्हिंग’ लिहिलेलं असलं तरी आत तीन वेगवेगळे व्यवहार असू शकतात. पहिल्यात तुम्ही फ्लॅट विकत घेता, खरेदीखत तुमच्या नावे होतं आणि जेवण, साफसफाई, नर्स, सुरक्षा या सेवांसाठी दरमहा वेगळे पैसे भरता. मराठी वाचकांना यातलं सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे पुण्यातल्या परांजपे स्कीम्सचं ‘अथश्री’. दुसऱ्यात मोठं डिपॉझिट देऊन राहण्याचा हक्क मिळतो. घर तुमचं होत नाही. तुम्ही सोडलंत किंवा तुमच्यानंतर डिपॉझिटची रक्कम, काही कापून, परत मिळते. तिसरी व्यवस्था म्हणजे देखभाल केंद्र: खोली किंवा खाट महिन्याच्या दराने, आणि अंघोळ घालण्यापासून औषध देण्यापर्यंत सगळं कर्मचारी करतात. याशिवाय ट्रस्टचे वृद्धाश्रम आहेतच. आयकर खात्याकडे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या रहिवाशाच्या राहण्या-जेवण्याच्या दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. खासगी कंपनीच्या सेवांवर तो लागतो. म्हणून दर विचारताना ‘कर धरून किती?’ हे आधी विचारा.

‘आम्हाला वृद्धाश्रमात टाकताय का?’ हा प्रश्न घरात निघतोच, आणि त्यामागचं दुःख खरं असतं. वृद्धाश्रम म्हटलं की टाकून दिलेले आईबाप, हे चित्र आपल्या नाटक-सिनेमांनी मनावर कोरून ठेवलं आहे. पण आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने, आपल्या सहीने घेतलेलं घर म्हणजे कुणी टाकून देणं नव्हे. ही मर्जी मात्र खरोखर तुमची हवी. मुलांचं मन राखण्यासाठी दिलेला होकार तिथे गेल्यावर दोन महिन्यांत उतरतो.

काय सुधारतं

सगळ्यात मोठा फायदा बागेत, जिममध्ये किंवा पोहण्याच्या तलावात शोधू नका. तो रात्री दोन वाजता कळतो. पलंगाशेजारची घंटा दाबली आणि पाच मिनिटांत माणूस दारात उभा राहिला, एवढ्या एका गोष्टीसाठी ही सगळी रक्कम मोजायची असते. बाकीचं त्याच्यामागून येतं.

दुसरा फायदा घरातल्या बाईचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. नवरा साठाव्या वर्षी निवृत्त होतो. बायको पंच्याहत्तरीतही दोन वेळच्या पोळ्या लाटत असते, गुडघे दुखत असले तरी ओट्याशी उभी असते, आणि नवऱ्याला अर्धांगवायू झाला तर त्याची रात्रंदिवस शुश्रूषा करणारीही तीच असते. अशा घरात आजारी माणसापेक्षा सांभाळणारं माणूस आधी खचतं. सामाईक भोजनगृह आणि हाताशी मदतनीस ही त्या बाईच्या आयुष्यातली पहिली सुट्टी असू शकते. माझ्या पाहण्यात वसाहतीत गेल्यावर खुललेल्यांमध्ये बायका जास्त आहेत आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

तिसरं म्हणजे बांधकाम. महाराष्ट्रात या बाबतीत आता ग्राहकाच्या हाती एक कागद आहे. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. त्यांचा आधार घेऊन महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांचा प्रकल्प म्हणून विकल्या जाणाऱ्या इमारतींसाठी किमान मानकं ठरवली. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी, तीही चाकाची खुर्ची मावेल अशी आणि दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या सूचना देणारी. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, शक्यतो सरकते. जिना किमान १,५०० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना कठडे, सलग पायऱ्या बारापेक्षा जास्त नकोत. न घसरणाऱ्या फरशा, न्हाणीघरात धरायला दांडे, संकटकाळची घंटा. या गोष्टी विक्री करारातही याव्यात अशी अपेक्षा आहे. बघायला जाताना मोजपट्टी घेऊन जा. कुणी हसलं तर हसू द्या. दार ८०० मिलिमीटरचं निघालं तर तुमची खुर्ची त्यातून जाणार आहे की नाही, याचं उत्तर तिथेच मिळतं.

काय सुटतं

नाशिकमधल्या माणसाचं म्हातारपण आजवर गल्लीने सांभाळलं आहे. कृषीनगरच्या किंवा इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचा सकाळचा गट, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, महापालिकेच्या विरंगुळा केंद्रातला कॅरम, १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयातलं पुस्तक बदलणं, मे महिन्यात गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, कालिदास कलामंदिरातलं नाटक. यांतल्या प्रत्येक ठिकाणी तुम्हाला नावाने ओळखणारं कुणीतरी असतं. एक दिवस दिसला नाहीत तर संध्याकाळी फोन येतो. वीस वर्षांच्या कामवाल्या मावशी दार वाजवून उत्तर आलं नाही तर शेजाऱ्यांकडची किल्ली आणतात. हे सगळं कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं आणि पैसे देऊन विकतही मिळत नाही.

नवीन प्रकल्प बहुधा शहराबाहेर होतात, कारण जमीन तिथे परवडते. वीस किलोमीटरवरून संध्याकाळच्या व्याख्यानाला यायचं आणि नऊ वाजता परतायचं, हे सत्तरीत जमतं पण ऐंशीत जमत नाही. वसाहतीची गाडी आठवड्यातून दोनदा शहरात जाते, असं सांगितलं जातं. ती कोणत्या वारी, किती वाजता जाते आणि परत किती वाजता येते ते विचारा. दुपारी तीनला परतणारी गाडी नाटकाच्या उपयोगाची नाही.

आणि एक गोष्ट प्रकल्प दाखवणारे सांगत नाहीत. सगळेच एका वयाचे असले की मृत्यूही जवळजवळ येतात. रोज शेजारी बसून जेवणारा माणूस एका सकाळी दिसत नाही, काही महिन्यांनी दुसरा. लहान मुलांचा आवाज नाही, कॉलेजातल्या पोरांची वर्दळ नाही. काहींना ही शांतता हवीच असते, काहींना ती गिळते. आपण कोणत्या स्वभावाचे आहोत हे पतीपत्नींनी एकमेकांना प्रामाणिकपणे सांगावं, कारण बऱ्याच घरांत दोघांची उत्तरं वेगळी असतात.

जागा कुठे आहे

नाशिकची हवा मानवते म्हणून मुंबईची माणसं पिढ्यानपिढ्या देवळालीला येत आली. तिथली जुनी सॅनिटोरियमं त्याचीच खूण. आता इगतपुरी, घोटी, त्र्यंबक रस्ता, गंगापूर धरणाची बाजू या पट्ट्यांत डोंगराच्या चित्रांसह जाहिराती येतात. चित्र हिवाळ्यातलं असतं. इगतपुरीचा पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट आहे. जून ते सप्टेंबर धुकं, ओल, न वाळणारे कपडे, वारंवार जाणारी वीज. दमा किंवा संधिवात असलेल्याने ऑगस्टमध्ये तिथे चार दिवस राहून मगच मत बनवावं. उलट निफाडच्या बाजूला थंडी इतकी पडते की जानेवारीत राज्यातल्या सर्वांत कमी तापमानांत तिथली नोंद असते.

हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे यापेक्षा किती मिनिटांवर आहे ते मोजा, तेही संध्याकाळी सहा वाजता, स्वतः रिक्षाने किंवा गाडीने जाऊन. हृदयविकार आणि पक्षाघात दोन्हींत वेळेलाच किंमत आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणजे जवळचं छोटं हॉस्पिटल नुसतं जवळ असून भागत नाही. ‘आमचा अमुक हॉस्पिटलशी टाय-अप आहे’ याचा अर्थही विचारून घ्या. ॲम्ब्युलन्स कुणाची, ती रात्री आवारात उभी असते की बोलवावी लागते, भरतीच्या वेळचं डिपॉझिट कोण भरतं, मुलं पोचेपर्यंत सोबत कोण थांबतं? टाय-अप म्हणजे बिलात थोडी सूट एवढाच अर्थ पुष्कळदा निघतो.

नाशिकपुरता एक प्रश्न आणखी. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी, तपोवन आणि त्र्यंबक रस्त्यावर वाहनं थांबवली जातात. वसाहत या भागांत असेल तर त्या दिवसांत नर्स आणि स्वयंपाकी कामावर कसे पोचणार, डायलिसिसच्या रुग्णाला बाहेर कसं नेणार, याची योजना व्यवस्थापकाकडे मागा. ज्याने याचा विचार केला असेल तो बाकीच्या गोष्टींचाही करत असतो.

पैशाचा हिशेब दोघांचा नको, एकीचा करा

समजा, दोघांचा आजचा मासिक खर्च सगळं धरून ३५,००० रुपये आहे आणि तो दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढतो. दहा वर्षांनी तो सुमारे ७५,५०० होतो, पंधरा वर्षांनी १,११,०००. करारात ‘महागाईप्रमाणे वाढ’ असं मोघम लिहिलेलं असेल तर ती वाढ किती असेल हे तुमच्या हातात राहत नाही. वाढीची कमाल मर्यादा आकड्यात लिहून घ्या.

समोर उत्पन्न काय? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के व्याजाने महिन्याला सरासरी २०,५०० रुपये पडतात. नवरा-बायको दोघांनी मर्यादेपर्यंत ठेवले तर ४१,०००. आज हिशेब बसतो. पण हे व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं आणि शुल्क दरवर्षी चढतं. केंद्र किंवा राज्य सरकारच्या जुन्या पेन्शनवाल्यांना महागाई भत्त्याचा आधार आहे, केंद्राच्या पेन्शनीत ८० व्या वर्षापासून वीस टक्क्यांची जादा भरही पडते. सातपूर-अंबडच्या खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांचं तसं नाही. त्यांच्या ईपीएस-९५ पेन्शनला महागाई भत्ता नाही आणि तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्यांना पूर्णपणे साठवणीवरच उभं राहावं लागतं.

आता खरा प्रश्न. बहुतेक जोडप्यांत मागे बाई राहते. सरकारी पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते, तर कुटुंबनिवृत्तिवेतन साधारणपणे तीस टक्के. म्हणजे हाती येणारी रक्कम चाळीस टक्क्यांनी घटते. वसाहतीचा खर्च मात्र निम्मा होत नाही, कारण खोली तीच, मेंटेनन्स तोच, कमी होतो फक्त एका ताटाचा खर्च. वर तिला नंतर मदतनीस लागली तर तिचे पैसे वेगळे. म्हणून हिशेबाच्या कागदावर ‘मी एकटी, वय ८५, चालता येत नाही’ हे शीर्षक घालून आकडेमोड करा. या ओळीवर जो प्रकल्प परवडतो तोच तुमचा. दोघं धडधाकट असतानाच्या आकड्यांवर परवडणारा प्रकल्प तुमचा नाही.

राहतं घर विकून डिपॉझिट भरायचं असेल तर आधी चार्टर्ड अकाउंटंटला भेटा. घर विकून दुसरं घर घेतलं तर भांडवली नफ्याच्या करात सवलत मिळते. नुसत्या डिपॉझिटवर घराची मालकी मिळत नाही, त्यामुळे ती सवलत तिथे गृहीत धरता येत नाही. दुसरं म्हणजे, स्वतःचं घर हातात असेल तर साठीनंतर रिव्हर्स मॉर्गेज घेता येतं, भाडं मिळतं, अडीनडीला विकता येतं. डिपॉझिटचं तसं काही करता येत नाही.

सत्तरी पूर्ण झालेल्यांनी आयुष्मान भारतचं कार्ड काढलंच पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न घालता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. हॉस्पिटल मात्र योजनेत नोंदलेलं हवं.

करारातली ती एक ओळ

बहुतेक करारांत कुठेतरी, शेवटच्या पानांवर, अशा अर्थाचं कलम असतं: रहिवाशाला आमच्या क्षमतेबाहेरच्या देखभालीची गरज निर्माण झाल्यास व्यवस्थापन त्यांना दुसरीकडे हलवण्यास सांगू शकेल. स्मृतिभ्रंश, कायमचं अंथरूण, संसर्गजन्य आजार, ‘इतरांना त्रास होईल असं वर्तन’ हे सगळं त्यात बसवता येतं. ज्या दिवसासाठी तुम्ही तिथे गेलात नेमक्या त्याच दिवशी तिथून निघावं लागेल, असा याचा अर्थ. म्हणून इतर सगळ्या पानांपेक्षा या ओळीवर जास्त वेळ द्या. स्मृतिभ्रंश झाला तर काय? याच आवारात वेगळा विभाग आहे का? असल्यास त्याचा आजचा दर काय? हलवायचं ठरलं तर ते कोण ठरवणार, तुमचा डॉक्टर की त्यांचा? किती दिवसांची सूचना? तोंडी आश्वासन हसतमुखाने मिळेल. तुम्ही मात्र लेखी उत्तर मागा. आवारात आज किती रहिवासी चाकाच्या खुर्चीवर आहेत आणि किती अंथरुणावर, हेही विचारा. दहा वर्षं चाललेल्या वसाहतीत असं कुणीच नसेल तर ते सगळे कुठे गेले, हे शोधून काढा.

बाकीच्या अटी वकील दाखवेलच, पण काही गोष्टी स्वतःलाच माहीत असाव्यात. विकत घेण्याच्या व्यवहारात महारेरा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागण्याचा प्रवर्तकाला अधिकार नाही. पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायचा असतो. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय राहायला जाऊ नका. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असेल तर ‘ही विक्री नाही, रेरा लागत नाही’ असं ऐकवलं जाऊ शकतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लवासाच्या प्रकरणात ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यालाही रेरा लागू धरला आहे. डिपॉझिट आणि महिन्याच्या शुल्कावर राहण्याचा परवाना हा वेगळा प्रकार, तिथे रेराचं संरक्षण गृहीत धरू नका.

लवासाचीच दुसरी आठवण इथे उपयोगाची आहे. तिथे आशियाना कंपनीने ज्येष्ठांसाठी ‘उत्सव’ हा प्रकल्प उभारला. पण ज्या नगरीत तो उभा आहे ती वसवणारी लवासा कॉर्पोरेशन २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. ज्येष्ठांचा प्रकल्प आणि भोवतालची नगरी या दोन वेगळ्या कंपन्यांच्या हाती असू शकतात. पाणी, रस्ता, दवाखाना यांची जबाबदारी कुणाची, सेवा देणारी कंपनी बदलली तर नवी कोण निवडणार, रहिवाशांच्या समितीला त्यात मत आहे का, राखीव निधी कुणाच्या खात्यात आहे, हे कागदावर हवं. तुम्ही तिथे वीस वर्षं राहणार आहात. बिल्डर प्रकल्प विकून पुढे जाणार आहे.

आणखी थोडे प्रश्न, जे विचारायला संकोच वाटतो. एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याचं वय अटीपेक्षा कमी असेल तर त्याला राहता येतं का? मुलगी बाळंतपणानंतर महिनाभर येऊन राहिली तर चालतं का? फ्लॅट मुलांना वारसाने मिळतो, पण त्यांना स्वतः राहता येतं की फक्त साठीच्या गिऱ्हाइकालाच विकता येतो? डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं आणि उशीर झाल्यास व्याज आहे का? मृत्यूनंतर पार्थिव काही तास घरी ठेवता येतं का, की मागच्या दाराने शवागारात जातं? शेवटच्या आजारात कृत्रिम उपचार नकोत असं इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने ग्राह्य ठरवलं आहे. २०२३ पासून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. ते केलं असेल तर वसाहत त्याचा मान राखेल का, हेही विचारा.

राहून बघा, घर विकू नका

माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं राहतं घर विकायचं नाही. भाड्याने द्या, कुलूप लावा, पण विकू नका. बहुतेक वसाहती काही दिवस किंवा महिनाभर पाहुणे म्हणून राहू देतात. जिथे राहू देत नाहीत तिथे जाऊच नका. पाहुणचाराच्या दोन दिवसांत काही कळत नाही, किमान महिना काढा, शक्य असेल तर पावसाळ्यातला. रविवारच्या मेजवानीपेक्षा मंगळवारची आमटी चाखा. रात्री साडेअकराला घंटा वाजवून बघा. मदतनीस मुलींना विचारा, किती वर्षं काम करताय. दर सहा महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर पगार कमी आहेत, आणि कमी पगारावरच्या थकलेल्या माणसांकडून मायेची अपेक्षा करता येत नाही. जेवताना खुर्चीवर बसलेल्या, घास भरवावा लागणाऱ्या आजोबांशेजारी बसा. त्यांच्याशी कर्मचारी कसं बोलतात, ‘अहो’ म्हणतात की ‘ए बाबा’ म्हणतात, घास घाईने कोंबतात की थांबतात, यावरून ती जागा ओळखता येते.

हे सगळं पाहून झाल्यावर पुष्कळांना कळेल की त्यांना वसाहतीची गरज नाही. त्यांना हवा आहे लिफ्ट असलेल्या इमारतीतला, आपल्याच भागातला छोटा फ्लॅट, न्हाणीघरात धरायला दांडे, पोळी-भाजी केंद्राचा डबा आणि दिवसातून चार तास येणारी मदतनीस. तेवढ्यावर दहा वर्षं चांगली निघतात. एका इमारतीतल्या तीन-चार ज्येष्ठ कुटुंबांनी मिळून रात्रपाळीची एक मदतनीस ठेवली तर खर्च वाटला जातो. नाशिकच्या सोसायट्यांमध्ये हे सहज जमण्यासारखं आहे. चोवीस तासांची ब्यूरोची माणसं लागू लागली, म्हणजे दिवसपाळी आणि रात्रपाळी असे दोन पगार सुरू झाले, की मात्र वसाहतीचा किंवा देखभाल केंद्राचा खर्च तेवढाच किंवा कमी पडतो. तिथे तुलना नव्याने करायची.

जावं कुणी? एकटं राहिलेलं, ज्याची मुलं एका दिवसात पोचू शकत नाहीत असं माणूस. आजारी जोडीदाराला एकटीने उचलणारी बाई. ज्यांच्या इमारतीतले जुने शेजारी निघून गेले आणि जिन्यावर आता फक्त भाडेकरू भेटतात असे. ज्यांची गल्ली अजून जिवंत आहे, मुलगी पंचवटीत किंवा नाशिकरोडला राहते, त्यांनी घाई करू नये.

मुलांसाठी दोन शब्द. पैसे तुम्ही देत असलात तरी राहणार ते आहेत, तेव्हा जागा त्यांना निवडू द्या. आणि ज्येष्ठांसाठी एक सावधगिरी: वसाहतीत जाताना राहतं घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचा सल्ला मिळेल. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याचं कलम २३ असं हस्तांतरण रद्द करण्याची सोय देतं, पण सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असणं केव्हाही सुरक्षित. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या अटीवर बोट ठेवलं होतं. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. तरी कोर्टाच्या उदारतेवर घर ठेवू नये. मृत्युपत्र करा, बक्षीसपत्र नको. तक्रार करायची वेळ आलीच तर त्या कायद्याखालचं न्यायाधिकरण प्रांत कार्यालयात चालतं आणि सल्ल्यासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे.

कराराचा मसुदा घरी नेऊन वकिलाला दाखवायला पंधरा दिवस मागा. ते द्यायला जी वसाहत तयार नसेल, तिथे सही करू नका.